शेरा

या खोलीचे खिळेसुद्धा तांब्याचे.
बिजागऱ्या पितळेच्या, भिंती मातीच्या, छप्पर गवताचं.
मांतारोच्या खोऱ्यात, बटाट्याच्या वाफ्यांपलीकडे,
सव्वातीन हजार मीटर उंचीवरची ही खोली
लोखंडाचा विटाळ मानते.

एकतीस वर्षं दर मंगळवारी
मी दाराबाहेरच्या ओट्यावर उतरवून ठेवायचे
किल्ल्या, घड्याळ, केसांतले आकडे.
परकराचे हूक काढून आईनं नाड्या शिवून दिल्या होत्या.
मग आत. दुर्बिणीला डोळा लावायचा
आणि श्वास धरून वाचायचं,
सुई आज कुठे बघते ते.

ती रोज तिथेच बघत नाही.
वर्षाला सहा मिनिटं सरकते,
कोनाची मिनिटं, घड्याळाची नव्हेत.
आजोबा इथे रखवालदार होते तेव्हा
ती आठ अंश पूर्वेला कललेली होती,
शेजारच्यांचं भांडण ऐकणाऱ्या बाईसारखी.
माझ्या डोळ्यांदेखत ती वळत वळत आली
आणि जूनमधल्या एका मंगळवारी, गवतावर हिम असताना,
नेमकी खऱ्या उत्तरेवर थांबली.
थांबली कसली, तिथून चालली होती.
घरी सांगितलं तर आई म्हणाली,
"म्हणजे इतकी वर्षं चुकत होती, आता सुधारली?"
नाही गं, म्हटलं. जाता जाता.
पावसाळ्यापर्यंत ती पश्चिमेला गेलीसुद्धा.
शाळेत मी एकच उत्तर शिकले होते.

दुपारी बाराला आमच्या डोक्यावरून एक नदी वाहते.
तिला पाणी नाही, आवाज नाही,
फक्त कागदावरची रेघ तेवढी फुगते
आणि तीनपर्यंत ओसरते.
खाली लोक बटाटे काढत असतात.
कुणी वर बघत नाही. मीही बघितलं नाही कधी,
रेघच बघितली.

एकदा तीन आठवडे रेघ खोटं बोलत होती.
लीमाहून पत्रं आली, सूर्यावर डाग शोधले गेले.
शेवटी खोलीमागच्या गवतात सापडलं
धाकट्या भावानं विसरलेलं खोरं.

मग तिकलिओ घाटात बस उलटली.
मांडीत पोलादाची सळई, नऊ इंच, चार स्क्रू.
न चिकटणाराही धातू असतो, डॉक्टर म्हणाले,
आणि त्याची किंमत सांगितली.
मी मान हलवली. तेव्हा खोली आठवलीच नाही.

कुबडी टाकली त्या दिवशी विल्देरला म्हटलं,
तू यंत्रापाशी बस. मी फाटकातून चालत येते.
चाळीस पावलांवर: "काही नाही."
वीस पावलांवर: "काही नाही, दोन्या दोमितिला."
दहा पावलांवर तो गप्प.
उंबऱ्यावर पाय ठेवला तेव्हा आतून ओरडला,
"एकोणीस नॅनोटेस्ला!"
आणि लगेच आवाज खाली आणला,
कुणाची फजिती झाल्यावर आणतात तसा.

आत गेले. आता काय बिघडणार होतं आणखी?
पितळेच्या खांबाला हात लावला.
भिंतीवर आजोबांनी कोरलेली तारीख होती,
ती पुन्हा वाचली.
बारा मिनिटं थांबले, ही मात्र घड्याळाची.

वार्षिक तक्त्यातून तो उंचवटा गाळतील.
गाळायलाच हवा, मीच शिकवलंय त्याला.
पण रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात
विल्देरनं लिहिलं: १०:४० ते १०:५२, लोखंड.
मग खोडलं.
मग त्याच्या त्या तिरक्या अक्षरात:
दोमितिला वामानचावा, आत आल्या.

आता मी बाहेर बसते.
फाटकाजवळ, लोकरीच्या घोंगडीवर, चाळीस पावलं लांब.
मंगळवारी तो पोरगा पळत येतो, उशीर झालेला,
खिसे खुळखुळत.
"थांब," मी ओरडते,
"आधी खिसे उलटे कर."